तू मला कळत नाहीस

रविवार, २६ ऑक्टोबर. मेक्सिको सिटी

आज तेपोत्सोत्लानला जाऊन आले. जेझुइटांचा जुना मठ, आता संग्रहालय. सगळे तिथली सोन्याने मढवलेली वेदी बघायला जातात, मीही त्यासाठीच गेले होते. वेळ मात्र गेला एका तैलचित्रापुढे. अठराव्या शतकातलं, चित्रकार अनाम. सोळा चौकटी, प्रत्येकीत नवरा, बायको, मूल आणि त्या मुलाची जात लिहिलेली. स्पॅनिश बाप, आदिवासी आई, मूल मेस्तिसो. मेस्तिसोचं स्पॅनिश जोडीदारापासून झालेलं मूल कास्तिसो. कास्तिसोने पुन्हा स्पॅनिश घरात सोयरीक केली की मूल चक्क स्पॅनिश. तीन पिढ्यांत डाग धुतला.

चौथ्या चौकटीत आफ्रिकी रक्त येतं आणि तिथून परतीची वाटच नाही. मुलातो, मोरिस्को, मग ‘साल्ता आत्रास’ म्हणजे मागे उडी. पुढे ‘लोबो’, म्हणजे लांडगा. चौदाव्या चौकटीतलं मूल ‘तेन्ते एन एल आइरे’, अधांतरी. पंधराव्या चौकटीतल्या मुलाच्या जातीचं नाव आहे ‘नो ते एन्तिएन्दो’. तू मला कळत नाहीस! नावं ठेवणारा थकला असावा, पण यादी सोडवेना.

आजूबाजूचे पर्यटक हसत होते. मला हसू आलं नाही, कारण ही यादी ओळखीची होती. ब्राह्मणापासून वैश्य स्त्रीला झालेला अंबष्ठ, शूद्रापासून ब्राह्मण स्त्रीला झालेला चांडाळ. मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा, हेच चालू आहे, फक्त चित्रं नाहीत. बाबासाहेबांनी त्याला मनूचं वेड म्हटलं होतं. शिवाय या चित्रप्रकाराचं नावच ‘कास्ता’. पोर्तुगीजांनी गोव्यात आणि मलबारात आपल्या जातींना हाच शब्द लावला, आणि इंग्रजांचा ‘कास्ट’ त्यातूनच आला. म्हणजे माझ्या दाखल्यावरचा रकाना आणि ही भिंत, एकाच शब्दाची दोन घरं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर. क्वाही

गावाचं पूर्ण नाव क्वाहिनिक्विलापा. ते पाठ करायला मला दोन दिवस लागले आणि इथे ते कुणी उच्चारतच नाही. अकापुल्कोहून पॅसिफिकच्या किनाऱ्याने पूर्वेकडे, बसने चार-पाच तास. या पट्ट्याला कोस्ता चिका म्हणतात, छोटा किनारा. अर्धा गेरेरो राज्यात, अर्धा ओआहाकात.

वाटेत बस थांबवून दोन गणवेशवाले चढले. बेकायदा स्थलांतरित शोधत होते. अख्ख्या बसमध्ये कागद मागितले ते दोघांनाच: मला आणि माझ्या शेजारी बसलेल्या विशीतल्या काळ्या पोराला. मी परकीच. पासपोर्ट दाखवला, विषय संपला. त्याने मतदार कार्ड दिलं. तरी प्रश्न थांबेनात. गाव कुठलं? राज्यपाल कोण? अशा वेळी राष्ट्रगीत म्हणायला लावल्याचे अनुभव इथल्या लोकांनी सांगितलेले मी वाचले होते. याच्यावर ती वेळ आली नाही. ते उतरल्यावर तो खिडकीकडे तोंड करून झोपला. निदान डोळे तरी मिटले.

हे राज्य ज्याच्या नावाचं, तो व्हिसेंते गेरेरो स्वतः आफ्रिकी वंशाचा. खेचरांचे तांडे हाकणाऱ्या घरातला. १८२९मध्ये तो मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला त्याने गुलामगिरी बंद केली, लिंकनच्या जाहीरनाम्याच्या चौतीस वर्षं आधी. आणि त्याच्याच राज्यात पोराला विचारायचं, तू नक्की इथलाच ना?

शनिवार, १ नोव्हेंबर. क्वाही

गावात एक लहानसं संग्रहालय आहे, ‘आफ्रोमेस्तिसो’ संस्कृतीचं. आवारात मातीच्या भिंतींची, गवती छपराची गोल घरं बांधून ठेवली आहेत. त्यांना ‘रेदोन्दो’ म्हणतात. पूर्वी किनाऱ्यावर लोक अशाच घरांत राहायचे.

इतिहास थोडक्यात असा. सुमारे दोन लाख आफ्रिकी माणसं वसाहतकाळात या देशात आणली गेली, त्यातली बहुतेक १५८० ते १६४० या साठ वर्षांत. तेव्हा स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता आणि माणसं विकण्याचा मक्ता पोर्तुगीजांकडे. चांदीच्या खाणी, उसाचे मळे, आणि या किनाऱ्यावर स्पॅनिश जमीनदारांची गुरं. गुराखी काळे. पळालेले लोक डोंगरात वस्ती करून राहत. व्हेराक्रुसच्या बाजूला यांगा नावाच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याने अशीच वस्ती वर्षानुवर्षं टिकवली. १६०९मध्ये त्याच्यावर स्पॅनिश फौज चालून गेली, तरी तो मोडला नाही. शेवटी सरकारलाच त्याच्या लोकांचं मुक्त गाव मान्य करावं लागलं. १९३२पासून त्या गावाचं नाव यांगा आहे.

सालं वाचताना मनात मलिक अंबर आला. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला तो माणूस १६१०मध्ये खडकी वसवत होता, पुढचं औरंगाबाद. दोघांची गाठ पडायचा संबंधच नाही. पण शाळेत आम्ही अंबरची जमीनमहसूल पद्धत पाठ केली आणि तो आफ्रिकी होता हे वाक्य बाईंनी एका दमात उरकलं. तसंच इथल्या पोरांना गेरेरो शिकवतात.

स्वातंत्र्यानंतर, १८२२मध्ये, कागदपत्रांत जात लिहायची नाही असा हुकूम निघाला. चांगल्या हेतूनेच. मग हळूहळू ‘आपण सगळे मेस्तिसो’ हा राष्ट्राचा मंत्र झाला: स्पॅनिश बाप, आदिवासी आई, बस्स. म्हणजे सोळांपैकी पहिली चौकट तेवढी उरली. आफ्रिकी आजी कुणालाच नव्हती. मला हे वाचून आपल्याकडची ‘आमच्या घरात जात मानत नाहीत हो’ म्हणणारी मंडळी आठवली. मीही त्यातलीच आहे, हे लिहून ठेवते.

१९९७मध्ये त्रिनिदादहून आलेल्या ग्लिन जेमोट या धर्मगुरूने जवळच्या एल सिरुएलो गावात काळ्या गावांचा पहिला मेळावा भरवला. तिथून मागणी सुरू झाली: आम्हाला मोजा. संविधानात नाव यायला २०१९ उजाडलं, जनगणनेत प्रश्न यायला २०२०. उत्तरादाखल २५ लाख ७६ हजार लोक ‘हो’ म्हणाले. शंभरात दोन.

रविवार, २ नोव्हेंबर. क्वाही, रात्री उशिरा

आज पितरांचा दिवस. दुपारभर रस्त्यावर ‘दिआब्लोस’ नाचत होते. चेहऱ्यावर शिंगांचे मुखवटे, घोड्याच्या केसांची दाढी, अंगावर फाटके कपडे, कमरेत वाकून जमिनीवर पाय आपटणं. साथीला तोंडाने वाजवायचा बाजा, गाढवाच्या जबड्याचं हाड (त्याचे दात खुळखुळतात) आणि ‘बोते’: कातडं ताणलेला भोपळा, त्यातल्या काठीवरून हात घासला की वाघासारखी घुरघुर. सोबत बाईच्या वेशातला पुरुष, काखेत बाहुली. ती मिंगा. तिने मलाच बाहुली देऊ केली आणि गल्ली खिदळली.

मी जिच्याकडे उतरले आहे ती सत्तरीतली. मला ‘मिहा’ म्हणते, आपल्या ‘पोरी’सारखं. रात्री वेदीवरच्या झेंडूच्या पाकळ्या सारखी करताना मी तिला जनगणनेचं विचारलं. ‘आफ्रोमेक्सिकानो’ हा शब्द तिने तेव्हाच पहिल्यांदा ऐकला होता. ती स्वतःला ‘मोरेना’ म्हणजे सावळी म्हणते, जास्तीत जास्त ‘नेग्रा’, काळी, तेही घरच्यांत. गणनावाल्याने एकटीलाच साऱ्या घराचं विचारलं. तिने स्वतःचं ‘हो’ सांगितलं, दोन नातवंडांचं ‘हो’, डोंगरातून आलेल्या जावयाचं ‘नाही’.

“आणि मुलीचं?”

“तिचंही हो. मग तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. म्हणे, मला का नाही विचारलंस?”

मग तिने विचारलं, तुमच्याकडे कोण सांगतं. मी म्हटलं, माझ्या शाळेच्या दाखल्यावर लिहिलंय. कारकुनाने आजोबांना विचारून लिहिलं, मी तेव्हा सहा वर्षांची होते.

“तुला विचारलं नाही?”

“नाही.”

“मग तूही अबोला धरायचास,” असं म्हणून ती उरलेल्या पाकळ्या टोपलीत भरू लागली.