फौजेत गेलेलं पोरगं पुन्हा शिकतं का?

आमच्या सातारा भागात बारावी झाली की मुलं भरतीसाठी पळायला लागतात. मी इतिहास शिकवते, म्हणून पालक मलाच गाठतात : "मॅडम, एकदा फौजेत गेलं की पोरगं परत पुस्तक हातात धरतं का हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. धरतं, पण परतीची वाट कुणीतरी आधी बांधून ठेवली असेल तर.

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिका बघा. लष्कराने लाखाहून जास्त मुलांना गणवेशातच कॉलेजात शिकायला बसवलं होतं. 1944च्या सुरुवातीला सैनिक कमी पडू लागले तेव्हा बहुतेक वर्ग मोडले आणि पोरं थेट पायदळात गेली. पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले हेन्री किसिंजर त्यांतलेच. लाफायेट कॉलेजातलं इंजिनिअरिंग सुटलं आणि ते 84व्या डिव्हिजनबरोबर युरोपात गेले. (त्यांचं पुढचं राजकारण मला मुळीच पटत नाही, पण तो विषय वेगळा.) 1947 साली ते हार्वर्डला दाखल झाले, सरकारी खर्चाने.

तो खर्च जीआय बिलातला, म्हणजे युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा भार सरकारने उचलायचा त्या कायद्यातला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली 22 जून 1944 रोजी. फ्रान्समधल्या नॉर्मंडीत फौजा उतरून जेमतेम दोन आठवडे झाले होते, जपानशी लढाई चालूच होती. वचन तेव्हाच दिलं, हे मला फार मोठं वाटतं. पुढे काय शिकायचं हे मुलांना छावणीतच ठरवता आलं. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनहून टपालाने येणारे लष्कराचे धडे तर 1942पासूनच सुरू होते. वर्षाला 500 डॉलरपर्यंत फी सरकार परस्पर कॉलेजला भरायचं. हातखर्चाला एकट्याला महिना 50, संसार असेल तर 75 डॉलर.

हार्वर्ड आणि शिकागोच्या कुलगुरूंना धास्ती होती की शिक्षणाचा दर्जा घसरेल. घडलं उलटंच. 1947पर्यंत कॉलेजातले जवळपास निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते आणि ते जीव तोडून शिकले. राहायला जागा नव्हती. विस्कॉन्सिन विद्यापीठाने दारूगोळा कारखान्याच्या कामगारवस्तीत संसारी विद्यार्थ्यांची सोय केली, मॅडिसनपासून पन्नासेक किलोमीटरवर. रोज बसने कॉलेज, घरी तान्हं मूल, आणि ते झोपल्यावर अभ्यास. एकूण 22 लाख जण असे कॉलेजात शिकले.

पण कायदा सगळ्यांना सारखा लागू झाला नाही, आणि याचा मला आजही संताप येतो. दक्षिणेत काळ्या सैनिकांना गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारं बंदच राहिली. पुढे काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी लढलेले मेडगर एव्हर्स नॉर्मंडीत लढून आले, अल्कॉर्न या काळ्यांच्या कॉलेजातून पदवीधर झाले, तरी 1954 साली मिसिसिपी विद्यापीठाने त्यांना कायद्याच्या वर्गात घेतलं नाही.

आपल्याकडे अग्निवीरांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवी आहे. निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. उरलेल्या निम्म्यांचा अभ्यास नोकरीत असतानाच करावा लागतो. नाव कधी नोंदवायचं, परीक्षा कुठे, सुट्टी मिळते का, हे मुलगा ट्रेनिंगला निघण्याआधीच विचारून घ्या.