वहीतला शेवटचा रकाना

मंगळवार, रात्री साडेदहा

बास्केटबॉलची जिल्हा निवड चाचणी अकरा दिवसांवर आलीय. सोळा वर्षांखालच्या मुलींची यादी करायला वही उघडली आणि दोन नावांवर अडलो. माझ्या वहीत नावापुढे चार रकाने असतात : उंची, शॉट, ड्रिबल (बॉल टप्पे देत नेणं) आणि शेवटी शेरा. गेल्या वर्षीच्या माझ्याच अक्षरात एकीपुढे लिहिलंय, ‘कौशल्य कमी, जिद्दीवर खेळते.’ दुसरीपुढे, ‘अंगात खेळ आहे, वापरत नाही.’

पहिली मुलगी संघातली सगळ्यात बुटकी नाही, पण त्या बाजूचीच. आज सरावात मॅच लावली, तेव्हा उंच मुलींच्या गर्दीतून एकामागून एक रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे बॉल, तिच्याच हातात. मॅच संपल्यावर बुटाच्या नाड्या सोडत होती, तेव्हा सहज विचारलं, तुला कळतं कसं गं बॉल कुठे पडणार ते? म्हणाली, “सर, कोपऱ्यातून लांबचा शॉट चुकला ना, की बॉल बहुतेक रिंगच्या पलीकडे जातो. म्हणून मी आधीच तिकडे सरकते.” हे तिला मी शिकवलेलं नाही. तिने बघून बघून काढलंय. आणि मी लिहून बसलो होतो, कौशल्य कमी.

तेव्हापासून बेन वॉलेस डोक्यात आहे, अमेरिकेतला जुना बास्केटबॉलपटू.

अलाबामातलं व्हाइट हॉल नावाचं छोटं गाव, अकरा भावंडांतला हा दहावा. चार्ल्स ओकली या नावाजलेल्या खेळाडूच्या शिबिराची फी भरायला लोकांचे केस कापून पैसे जमवले. १९९६च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या जागेसाठी उंची कमी, शॉट नाही, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) तर निम्म्याहून जास्त चुकायचे. पुढे २००२, २००३, २००५ आणि २००६ अशी चार वर्षं तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. २००४च्या अंतिम मालिकेत त्याच्या डेट्रॉइट पिस्टन्ससमोर बड्या खेळाडूंचा लेकर्स संघ होता : शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन, गॅरी पेटन. पिस्टन्सनी मालिका ४-१ अशी जिंकली. शेवटच्या सामन्यात वॉलेसचे १८ गुण आणि २२ रिबाउंड. २०२१ला तो हॉल ऑफ फेममध्ये, बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला. अख्ख्या कारकिर्दीत त्याची सरासरी सामन्याला सहा गुणांचीही नाही.

त्याच्याबद्दल नेहमी एकच वाक्य ऐकतो : जेवढं कौशल्य होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त मिळवलं. कौतुक म्हणूनच म्हणतात लोक, मीही म्हणत आलो. आज पहिल्यांदा ते वाक्य टोचलं. बॉल हवेत असतानाच त्याची दिशा ओळखणं, पाठ लावून अंगाने जड माणसाला बाहेर अडवून धरणं, फाउल न करता नेमक्या क्षणी उडी मारणं, हे कौशल्य नाही तर काय आहे? आपण शॉट आणि ड्रिबल मोजतो. जे मोजायला रकाना नसतो त्याला जिद्द म्हणून मोकळे होतो. असं म्हणताना त्या माणसाने वर्षानुवर्षं शिकलेलं सगळं आपण त्याच्याकडून काढून घेतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्याच संघाच्या बाकावर एक सात फुटी पोरगा बसलेला असायचा. डार्को मिलिचिच, सर्बियाचा. २००३च्या ड्राफ्टमध्ये लेब्रॉन जेम्सच्या नंतर लगेच, दुसऱ्या क्रमांकावर त्याची निवड झाली. पुढे मोठे झालेले कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड हे तिघे त्याच्या मागे. वय नुकतंच अठरा पूर्ण. एरवी एवढा वरचा क्रमांक दुबळ्या संघाला मिळतो आणि नव्या पोराला हवं तेवढं खेळायला मिळतं, चुकायलाही मिळतं. पिस्टन्सना हा क्रमांक दुसऱ्या संघाशी झालेल्या जुन्या सौद्यातून मिळाला होता. संघ तयार होता, विजेतेपदाच्या वाटेवर होता. पहिल्या मोसमात डार्को ३४ सामन्यांत उतरला, तोही सामना हातात आल्यावर शेवटची काही मिनिटं. प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडायचे. तो मैदानात आला म्हणजे आपण जिंकलो, एवढाच त्याचा अर्थ. अठराव्या वर्षी हे कसं पचवायचं?

वाया गेला, असं सगळे म्हणतात. पण २०१०-११ मध्ये मिनेसोटाकडून खेळताना त्याने सामन्याला सरासरी दोन ब्लॉक केले, म्हणजे समोरच्याचे शॉट हवेतच अडवले. एवढे ब्लॉक करणारे लीगमध्येही मोजकेच असतात. म्हणजे खेळ होता. दोन वर्षांनी त्याची एनबीएतली कारकीर्द संपली, तो सर्बियात परतला आणि फळबागा लावल्या.

मी त्याची बाजू घ्यायला बसलोच होतो, पण त्याने स्वतःच ती घेतलेली नाही. संधी मिळाली नाही ही सबब आहे, असं तो नंतर म्हणाला. आपल्याला देवानेच पाठवलंय असं वाटायचं, पंचांशी भांडायचो, राग काढायला सरावाच्या आधी दारू प्यायचो, हे त्याने उघड सांगितलंय. फार धीर लागतो याला. तरी मला वाटतं, हे त्याने म्हणावं. बाकावर बसवणाऱ्यांनी, ओरडणाऱ्यांनी म्हणू नये. आणि मी तर मुळीच नाही, कारण मीसुद्धा बाकावर बसवणाराच आहे.

सर्बियातलाच, त्याच वोय्वोदिना भागातला निकोला योकिच २०१४ला ४१वा निवडला गेला. हळू पळणारा, उडी नसलेला. तीनदा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, आणि २०२३ला त्याच्या डेन्व्हर संघाला विजेतेपद. उंच आहे म्हणून त्याला नुसता रिंगखाली उभा केला असता, तर त्याचे ते पास जगाला दिसले असते का, हा प्रश्न मला आज सोडत नाही.

कारण माझ्या वहीतली ती दुसरी मुलगी. पाच फूट दहा इंच. पहिल्या दिवशी तिला पाहिलं आणि मनात संघाची सेंटर ठरवून टाकली. तीन वर्षं रिंगखाली उभी करतोय, बॉल माग, बॉल माग म्हणून ओरडतोय. ती मागत नाही. आज पाणी प्यायच्या सुट्टीत ती रिंगपासून लांब, थ्री पॉइंट लाइनच्या बाहेर, दोन लहान मुलींना पास देत होती. न बघता, पाठीमागून, अगदी हातात. चेहरा हसरा. शिट्टी वाजली तशी परत रिंगखाली येऊन उभी राहिली, आणि चेहरा बदलला. मी ते पाहिलं आणि पुढचा ड्रिल सुरू केला.

कदाचित ती आळशीही असेल. उशिरा येते, वॉर्मअप अर्धवट सोडते, हे खरंच आहे आणि त्याबद्दल मी तिला बोलणारच. पण शेरा लिहिला तेव्हा यातलं काही तपासलं नव्हतं. उंची पाहिली होती फक्त.

पहिल्या मुलीपुढचा शेरा खोडला. वहीत पाचवा रकाना आखला, रिबाउंडचा. पट्टी सापडेना म्हणून कंपासपेटीच्या कडेने रेघ मारली, वाकडी आली. दुसरीपुढचाही खोडलाय, तिथे अजून काही लिहिलेलं नाही. उद्या तिला सहाऐवजी पावणेसहाला बोलावलंय. बॉल कुठे मिळाला तर तुला आवडेल, एवढंच विचारायचंय. तीन वर्षांत हे एकदाही विचारलं नाही मी.