रतनवाडीजवळ रानभाज्यांचं जेवण, आदल्या दिवशी फोन कराच

गेल्या रविवारी आई, बहीण आणि मी भंडारदऱ्याला जाऊन आलो, धरण रंधा फॉल सगळं बघितलं पण खरं तर गेलो होतो जेवायला. रतनवाडीच्या अलीकडे एका घराच्या ओसरीवर जेवण मिळतं, एका पंगतीला दहाबारा माणसं कशीबशी बसतात, आणि मेनू काय तर सकाळी घरातल्या बायका रानातून जे घेऊन येतील ते.

म्हणूनच आदल्या दिवशी फोन करून किती माणसं ते सांगा. आमच्यासमोर एक गाडी न कळवता आली, सात जण, त्यातल्या एकाने पनीर आहे का विचारलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. जेवण करणाऱ्या घरच्या मावशींनी चहा दिला सगळ्यांना, पण भाजी मोजकीच आणलेली, जेवायला कुठून घालणार.

आम्ही अकराला पोचलो तर मावशी फोडशी निवडत होत्या. दिसायला गवतच, पाती सुट्या करून मुळाकडचा कडक भाग काढायचा आणि तीनचार पाण्यांनी धुवायची कारण पातींच्या बेचक्यात माती अडकलेली असते. आई लगेच शेजारी बसून निवडायलाच लागली, म्हणाली आमच्याकडे यात चण्याची डाळ घालतात. "आम्ही नाय घालत ताई, कांदा आन मिरची, बास." आणि खरंच, डाळ नसल्यामुळे भाजीची स्वतःची चव कळली.

ताटात फोडशी, भारंगीचा पाला, वालाचं कालवण, नागलीची (नाचणीची) भाकरी, खुरासणीची (कारळ्याची) चटणी आणि वाफाळता इंद्रायणी भात. भारंगी उकळून पिळून घेतात तरी पहिला घास कडू लागतोच, पण भाकरीबरोबर खात रहा, तिसऱ्या घासाला आवडायला लागते. वालाचं बी कोंभाळण्याहून आणलेलं, म्हणजे राहीबाई पोपेरेंचं गाव, २०२० ची पद्मश्री मिळालेल्या बीजमाता, त्याच अकोले तालुक्यातल्या. माणशी २५० रुपये घेतले, भाकरी हवी तेवढी.

शेवळं खायची असतील तर पावसाच्या सुरुवातीला जा, आम्हाला नाही मिळाली, संपली होती. श्रावणात करटुली असतात. चिकन किंवा खेकडे हवे असतील तर फोनवरच सांगायचं, आणि शुद्ध शाकाहारी असाल तर तेही सांगा म्हणजे भांडी वेगळी ठेवतात.

मुंबईहून कसारा घाट, घोटीला हायवे सोडायचा, मग बारी (कळसूबाईच्या पायथ्याचं गाव) आणि शेंडी. ट्रेनने इगतपुरीला उतरून पुढे गाडी करावी लागते. शेंडीनंतर आमच्या फोनला रेंज नव्हती त्यामुळे पत्ता नीट विचारून लिहून घ्या, कॅश बरोबर ठेवा, पेट्रोल घोटीलाच भरा. धरणाच्या कडेकडेने जाणारा रस्ता अरुंद आहे आणि धुकं उतरलं की दहा फुटांवरचं दिसत नाही, चारच्या आत परत निघा. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं देऊळ मात्र जेवणाआधी बघून घ्या, पावसात त्या काळ्या दगडावरचं कोरीवकाम जे काही दिसतं ना!

निघताना मावशींकडे घरचा तांदूळ आणि चटणी विकत मिळते, घट्ट झाकणाचा डबा आणि कापडी पिशवी घरूनच न्या, त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशव्या नसतात.