खांद्यावरचे क्षेपणास्त्र आणि कारगिलचे दोन दिवस

घाटकोपरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले की सहार विमानतळाकडे उतरणारी विमाने डोक्यावरून जातात. आमच्या मजल्यावरचे सुभेदार काका सेनेच्या हवाई संरक्षण दलातून निवृत्त झाले असून त्यांनी अनेक वर्षे रशियन बनावटीचे ‘इग्ला’ हे विमान पाडणारे क्षेपणास्त्र खांद्यावर वागवले आहे. त्यांच्याशी झालेल्या गप्पांमुळेच या शस्त्राकडे मी नीट पाहू लागलो.

या क्षेपणास्त्राच्या टोकाशी असलेला शोधक विमानाच्या इंजिनातून निघणारी उष्णता, म्हणजे अवरक्त किरण, टिपतो. सोव्हिएत सैन्याच्या सुरुवातीच्या ‘स्ट्रेला-२’चा शोधक थंड केलेला नसे, त्यामुळे त्याला विमानाच्या शेपटीकडचा तापलेला भागच दिसे आणि विमान पुढे निघून गेल्यावर त्याचा पाठलाग करावा लागे. पुढे ‘इग्ला’ आणि अमेरिकेच्या ‘स्टिंगर’मध्ये शोधक थंड केल्याने समोरून येणारे विमानही टिपता येऊ लागले. विमानातून सोडलेल्या ज्वाळांनी, म्हणजे फ्लेअरनी, फसू नये यासाठीही त्यांत सोय करण्यात आली. सप्टेंबर 1986 मध्ये अफगाणिस्तानात जलालाबादजवळ मुजाहिदीन बंडखोरांनी स्टिंगरने सोव्हिएत हेलिकॉप्टरे पाडली, तेव्हा जगाला या शस्त्राची खरी ताकद कळली.

मला मात्र कारगिल अधिक जवळचे वाटते. 27 मे 1999 रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-27 चे इंजिन बंद पडले आणि त्यांना विमान सोडावे लागले. त्यांचा शोध घेण्यासाठी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मिग-21 घेऊन त्याच भागात थांबले आणि त्यांचे विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले. ते परत आले नाहीत. दुसऱ्याच दिवशी तोलोलिंग परिसरात हल्ल्यासाठी गेलेले एमआय-17 हेलिकॉप्टर अशाच क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि आतले चौघेही हुतात्मा झाले. त्या हेलिकॉप्टरवर ज्वाळा सोडणारी यंत्रणा नव्हती, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

या शस्त्राची पोहोच उंचीत साधारण साडेतीन किलोमीटर असते, असे आपण वाचतो. पण ती मोजायची शत्रूच्या सैनिकाच्या पायापासून. तो सैनिक पाच हजार मीटरच्या शिखरावर बसला असेल, तर दरीतून येणारे विमान त्याच्या समोरच, कधी त्याच्या खाली असते. म्हणूनच त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरे हल्ल्यातून मागे घेतली गेली आणि लढाऊ विमाने क्षेपणास्त्राच्या आवाक्याबाहेरून, बऱ्याच उंचीवरून बाँब टाकू लागली. एवढ्या उंचीवरून अरुंद कड्यावरचे शत्रूचे ठाणे टिपणे अवघड होते. 24 जून रोजी मिराज-2000 विमानांनी लेझरने दिशा दिलेले बाँब टायगर हिलवर टाकले, तेव्हा ही अडचण खऱ्या अर्थाने सुटली.

आता डीआरडीओ ही सरकारी संरक्षण संशोधन संस्था याच प्रकारचे, कमी पल्ल्याचे स्वदेशी क्षेपणास्त्र ‘व्हीशोराड्स’ विकसित करत आहे आणि ओडिशातील चांदीपूर येथे त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. ती बातमी मी काकांना वाचून दाखवली. इग्लाची नळी सगळ्या साहित्यासह अठरा किलोच्या आसपास भरत असे आणि बॅटरी सुरू केल्यावर लक्ष्य धरायला जेमतेम अर्धे मिनिट मिळे, हे त्यांनी मला पूर्वीच सांगितले होते. पल्ला किती, हे त्यांनी विचारलेच नाही. ते म्हणाले, “अरे, बर्फात चढताना पोराच्या खांद्यावर त्याचे वजन किती पडेल, ते बघ आधी.”