कोलवाळ, मेरशी, पर्वरी : अपिलाच्या कागदांमागे

माझा मावसभाऊ कोलवाळच्या मध्यवर्ती तुरुंगात जन्मठेप भोगतोय. खुनाचा खटला, परिस्थितिजन्य पुरावा (प्रत्यक्ष पाहणारा कुणी नाही, आजूबाजूच्या गोष्टींवरून काढलेला निष्कर्ष), सत्र न्यायालयाचा निकाल. ते काम त्याचं नव्हे, असं आम्हा घरच्यांचं ठाम मत आहे. अपील प्रलंबित असल्यामुळे खटल्याबद्दल जास्त लिहीत नाही. पण सावंतवाडीहून निघून या कामासाठी गोव्यात कुठे आधी जायचं, काय मागायचं, हे आम्हाला धड कुणी सांगितलं नव्हतं. सिंधुदुर्गातली, पेडण्या-डिचोलीतली बरीच घरं या फेऱ्यात असतात, त्यांच्यासाठी हे टिपण.

पहिली गोष्ट म्हणजे पर्वरीला हायकोर्टात वकील शोधायला आधी धावू नका. सुरुवात कोलवाळपासून करा, कारण सही आत असलेल्या तुमच्या माणसाची लागते. पत्रादेवीचा नाका ओलांडून महामार्ग ६६ ने येताना पेडण्यानंतर, म्हापशाच्या अलीकडे कोलवाळ लागतं. रेल्वेने आलात तर थिवीला उतरा. तिथून रिक्षा किंवा पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून 'आग्वादला ठेवलाय' म्हणतात. आग्वाद किल्ल्यावरच्या जुन्या तुरुंगातले कैदी २०१५ मध्येच कोलवाळला हलवले, किल्ल्यावर आता संग्रहालय आहे. रिक्षावाल्याला नीट सांगा, नाहीतर भलत्याच रस्त्याला लागाल.

मुलाखतीचे दिवस नि वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. ओळखपत्राची मूळ प्रत जवळ हवी. मोबाइल आत जात नाही. बरोबर कोरं वकीलपत्र, म्हणजे वकील नेमल्याचा कागद, न्या. त्यावर तो सही करतो आणि तुरुंग अधीक्षक सही-शिक्क्याने ती साक्षांकित करतात. ते लगेच हातात पडेल असं धरून चालू नका, नाहीतर वैतागाल. येणं जमत नसेल तर ई-प्रिझन्सच्या पोर्टलवर ई-मुलाकातीची नोंदणी होते, व्हिडिओवर बोलता येतं. मावशीला मात्र व्हिडिओ नको असतो. "त्येचो हात दिसाक होयो," म्हणते.

घरात वकिलाच्या फीची चर्चा सुरू होण्याआधी हे ठाऊक असू द्या : विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. भावाचं दुकान आहे, घरावर स्लॅब आहे, यातलं काही आड येत नाही. अर्ज तुरुंगातूनच करता येतो. चौकशीसाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. कैद्याला तुरुंगातून थेट अपीलही करता येतं. त्याने अर्ज आणि निकालाची प्रत अधीक्षकांकडे दिली की ते न्यायालयाकडे पाठवावं लागतं. आम्हाला हे कळेपर्यंत एका वकिलाने 'फाईल बघायचे' म्हणून मावशीची बांगडी मोडायला लावली होती. फाईल त्याने बघितली की नाही, देव जाणे.

मग मेरशी. उत्तर गोव्याचं जिल्हा न्यायालय पणजीजवळ मेरशीला आहे, पणजीच्या बसस्टँडवरून जवळच. दक्षिणेतला खटला असेल तर मडगाव. इथे घाई करायची ती नकलांची. शिक्षा झाली की निकालाची एक प्रत आरोपीला विनामूल्य द्यावी लागते. हायकोर्टाच्या वाटेवर असणाऱ्यांनी निकालाच्या तारखेवर लक्ष ठेवावं, कारण सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपिलाला ६० दिवस असतात आणि फाशीची शिक्षा असेल तर ३०. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात जायचं तर तेही ३० दिवसच. प्रमाणित प्रत मिळायला लागलेला वेळ यात धरत नाहीत, म्हणून प्रतीवरच्या अर्जाच्या नि ती तयार झाल्याच्या तारखा पुसट असतील तर तिथल्या तिथे दाखवून द्या. मुदत टळली तरी सगळं संपलं असं नाही, विलंब माफीचा अर्ज करता येतो. पण उशिराचं कारण कागदावर दिसावं लागतं.

नुसता निकाल पुरत नाही. साक्षीदारांच्या जबान्या, पंचनामे, प्रयोगशाळेचे अहवाल, आरोपीने न्यायालयात दिलेली उत्तरं, सगळं हवं. आणि ते बहुतेक इंग्रजीत. मावशी सातवी शिकलेली. मी आणि तिची सून दोन रात्री बसून मराठीत मोठ्याने वाचत गेलो, ती ऐकत होती. एका पंचाची जबानी आली तशी ती म्हणाली, "थांब, परत वाच." पंचनाम्यात लिहिलं होतं की पंच चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या परसात हजर. उलटतपासात तोच पंच सांगतो की सहा वाजेपर्यंत तो पोलीस ठाण्यात बसला होता. परसात काय सापडलं, याचा सगळा भार या एका पंचावर. निकालात या विसंगतीचा उल्लेख नाही.

म्हणून सांगतो, घरच्यांनी हे वाचायलाच हवं. वकील कायदा जाणतो, पण परस कुठे, विहीर कुठे, त्या दिवशी गावात जत्रा होती की नव्हती, हे तुम्हालाच माहीत.

आम्ही गेलो तेव्हा पर्वरीचा रस्ता उड्डाणपुलाच्या कामाने हैराण करणारा होता; म्हापशाहून एक तास हातात ठेवा. हायकोर्ट २०२१ पासून इथल्या नव्या इमारतीत आहे. विधी सेवा समितीकडून आम्हाला नेमून मिळालेल्या वकीलबाई तरुण. मावशीने बसल्या बसल्या सुरू केलं, "माज्या झिलान (मुलाने) कायएक करूक नाय." बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काकी, ते मी मानते. आता ते कागदात कुठे दिसतं, तेवढं मला दाखवा." मावशीला तेव्हा राग आला. मला त्या बाईंबद्दल पहिल्यांदाच भरवसा वाटला. अपिलात नव्याने खटला चालत नाही, झालेल्या पुराव्याचीच फेरतपासणी होते. नवा पुरावा घेण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण तो क्वचित वापरला जातो.

त्यांनीच १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाची ओळख करून दिली. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी अशी पूर्ण हवी की आरोपीशिवाय दुसरं कुणी असण्याला वाजवी जागाच उरू नये. सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या पाच अटी आहेत, मुळातून वाचण्यासारख्या. आणखी एक उदाहरण आम्हाला धीर देऊन गेलं. २००९ मध्ये ज्या सहा जणांच्या फाशीवर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं, त्यांनाच २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने निर्दोष सोडलं आणि महाराष्ट्र सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते. फिर्यादी पक्षाने ते दडपलं, असं न्यायालय म्हणालं. भरपाईसाठी कायदा करा अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात केली होती. पण तसा कायदा झालेला नाही, त्यामुळे सुटून आलेल्याला काय मिळेल, हे हिशेबात धरू नका.

अपिलाबरोबरच शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडण्याचा अर्ज करा. अपील सुनावणीला यायला वर्षं लागू शकतात. जन्मठेपेत हा अर्ज सहजी मंजूर होत नाही, तरी करायचा. अपिलाचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा वेगळा नोंदणी क्रमांक) लिहून घ्या, तारीख न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. फक्त 'तारीख कधी' विचारायला पर्वरीपर्यंत येऊ नका. वकील फोन उचलत नसेल, कागद बघत नसेल तर विधी सेवा समितीला लेखी कळवून बदलून मागता येतो. भांडायची गरज नाही, तारखा घालून अर्ज द्या. मे महिन्यात आणि दिवाळी-नाताळला हायकोर्टाला सुट्ट्या असतात, चवथीत तर गोव्यात कुठलंच काम होत नाही.

जेवायचं म्हापशात उरका, बसस्टँडजवळ पातळ भाजी-पाव स्वस्त नि ताजा मिळतो.

आणि हायकोर्टात हरलात तर लगेच दिल्लीचं तिकीट काढू नका. सर्वोच्च न्यायालयात जायला साधारण ९० दिवस असतात. सर्वोच्च न्यायालयाचीही विधी सेवा समिती आहे, वकील तीच नेमते. अर्ज आणि कागद कोलवाळच्या तुरुंगामार्फत पाठवता येतात. तोवर निकालाच्या, जबान्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून एक संच घरी, कोरड्या डब्यात ठेवा.