काडीला मुळं फुटली, पण कुंडीत लावल्यावर ती का जाते?

जास्वंद, गुलाब, मोगरा, बोगनवेल यांच्या काडीला मुळं फुटवणं आता बऱ्याच जणांना जमतं. खरी पडझड त्यानंतर होते. मुळं आलेली काडी कुंडीत लावली की चार दिवस टवटवीत दिसते, मग मान टाकते. माणूस घाबरून पाणी घालतो, काडी आणखी मलूल होते, म्हणून परत पाणी. दहाव्या दिवशी उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झालेली असतात.

अशा वेळी पाणी कमी पडलेलं नसतं, हवा कमी पडलेली असते. शेतात ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे ओलही आहे आणि मातीच्या कणांमध्ये हवाही खेळते आहे, तो कुंडीत टिकवायचा. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

आधी कुंडीचं माप. पहिली कुंडी ८ ते १० सेंटिमीटर तोंडाची घ्या, त्याहून मोठी नको. ‘पुढे मोठी लागणारच आहे, मग आत्ताच लावू’ या विचारानं जितक्या काड्या जातात तितक्या किडीनंही जात नसतील. कुठल्याही कुंडीत पाणी निथळून गेल्यावर तळाशी एक चिंब थर उरतोच. त्याची उंची माध्यम, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरलेलं मिश्रण, किती बारीक आहे यावर ठरते. मोठ्या कुंडीत एवढ्याशा मुळांना सगळं पाणी ओढता येत नाही, मग ते आठ-आठ दिवस तसंच साचून राहतं. तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर दिल्यानं निचरा सुधारतो हा समजही सोडा. बारीक माध्यमातलं पाणी पुरतं चिंब झाल्याशिवाय खालच्या खडीत उतरत नाही, त्यामुळे चिंब थर उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवला की पुरे.

माध्यमात दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे). परलाइट नसेल तर चाळून धूळ काढलेली जाडसर वाळू. गांडूळ खत एकूण मापाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. बागेतली काळी माती या टप्प्यावर अजिबात नको, लहान कुंडीत ती आवळून बसते. कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून ते भिजवून निदान तीनदा धुवा. पाण्यातले क्षार मोजणारा ईसी मीटर असेल तर शेवटच्या धुण्याचं पाणी ०.५ mS/cm च्या खाली आलेलं पाहा. पाण्याचा पीएच ५.५ ते ६.५ असला की चिंता नाही.

काडी हलवायची वेळ मुळांची लांबी पाहून ठरवा. मुळं २ ते ४ सेंटिमीटरची झाली आणि निदान तीन-चार असली की लगेच हलवा. पाण्याच्या बाटलीत मुळं फुटवली असतील तर उशीर जास्त महाग पडतो. पाण्यात आलेली मुळं पांढरीशुभ्र आणि देखणी दिसतात, पण ठिसूळ असतात आणि त्यांच्यावर केसमुळं फार कमी असतात. माध्यमात गेल्यावर ओल शोषायला नवी केसमुळं यावी लागतात. दहा सेंटिमीटरचा झुबका होईपर्यंत थांबलात तर लावताना अर्धी मुळं मोडतात, आणि मोडलेल्या टोकातूनच बुरशी शिरते.

लावताना माध्यम आधी ओलं करून घ्या. मूठभर दाबलं तर गोळा व्हावा, बोटांतून पाणी ठिबकू नये. कुंडी अर्धी भरा, काडी मधोमध धरून मुळं पसरू द्या, मग वरून माध्यम सोडा. खोली आधी होती तेवढीच. फार तर एखादा सेंटिमीटर जास्त चालेल. अंगठ्यानं दाबायचा मोह आवरा. दाबलं की पोकळ्या मिटतात, आणि त्या पोकळ्यांसाठीच तर परलाइट घातलं होतं. कुंडी दोन-तीनदा हलकेच आपटा आणि झारीनं सावकाश पाणी द्या, माध्यम आपसूक बसतं. काडी डोलत असेल तर बारीक काठीचा आधार द्या, कारण हलत्या काडीची नवी मुळं टोकाशीच तुटतात.

हे पहिलं पाणी मात्र भरपूर, खालून निथळेपर्यंत. थाळीत उतरलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. आता कुंडी उचलून वजन हाताला लक्षात ठेवा, ही भरलेली कुंडी. शेजारी त्याच मापाची, जवळपास कोरड्या माध्यमानं भरलेली कुंडी ठेवली तर फरक चटकन कळतो. पुढचं पाणी वजन निम्म्यावर आल्यावर आणि वरचा दीड-दोन सेंटिमीटर थर सुकल्यावर. बाटलीतून आलेल्या काडीला पहिले पाच-सहा दिवस थोडी जास्त ओल ठेवा, मग तिलाही याच सवयीवर आणा.

मुळं नीट शोषत नाहीत तोवर पानांतून पाणी कमी उडालं पाहिजे. त्यासाठी कुंडीवर पारदर्शक पिशवी किंवा तळ कापलेली बाटली उपडी घाला. पहिले तीन दिवस बंद, मग रोज अर्धा तास उघडी, पुढे तास, दोन तास, असं करत दहाव्या दिवशी काढून टाका. झाकलेली कुंडी थेट उन्हात कधीच नको, आत भट्टी होते. ५० टक्के शेडनेटखालचा किंवा खिडकीजवळचा उजेड पुरतो. मुळांशी २० ते २५ अंश तापमान उत्तम. काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात तापून मुळं भाजते, तेव्हा तिला पांढरा कागद गुंडाळा.

काडीवर कळ्या असतील तर खुडा. पानं मात्र ठेवा, मुळांना अन्न तीच पुरवतात.

आता औषधं. रूटिंग पावडर मुळं फुटायच्या आधीची वस्तू आहे. त्यातलं ऑक्सिन हे संप्रेरक मुळं फुटवतं, पण फुटलेल्या मुळांची लांबी वाढायला उलट अडथळा करतं. बी-१ जीवनसत्त्वाचं टॉनिकही नको, झाड ते स्वतःच बनवतं. पहिला आठवडा नुसतं पाणी. नवं पान फुटलं की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखं) लिटरमागे अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. कोकोपीटमध्ये कॅल्शियम कमी पडतं, म्हणून एकाआड एक आठवडा कॅल्शियम नायट्रेट त्याच मापानं. दोन्ही एकाच पाण्यात घोळू नका, साका बसतो.

मलूल झालेली काडी वाचताही आली पाहिजे. दुपारी माना टाकते आणि संध्याकाळी सावरते, तर काही करू नका. सकाळीही मलूल आणि कुंडी हलकी, तर पाणी द्या. सकाळी मलूल आणि कुंडी जड, तर मूळकूज. काडी बाहेर काढून एक मूळ चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी निसटून आत पांढरा दोरा उरला, तर ते कुजलं आहे. तपकिरी भाग स्वच्छ कात्रीनं कापा, माध्यम टाकून द्या, काडी ताज्या माध्यमात आणखी लहान कुंडीत लावा आणि परत झाका. पांढरी मुळं दोन-तीन जरी उरली असतील तरी आशा आहे.

माध्यमावर बारीक काळी चिलटं उडत असतील तर वरचा थर नीट सुकू द्या आणि पिवळा चिकट सापळा लावा. त्यांच्या अळ्या वरच्या ओलसर थरात राहतात आणि कोवळी केसमुळं कुरतडतात.

मुळं चालू लागली हे उपटून पाहू नका. पारदर्शक ग्लासला तळाशी भोकं पाडून त्यात काडी लावा आणि तो अपारदर्शक कुंडीत सरकवून ठेवा, कारण उजेडात शेवाळ धरतं. आठवड्यातून एकदा ग्लास वर काढला की कडेनं उतरणारी पांढरी मुळं आणि त्यांच्या टोकाची मखमली लव दिसते. तीन-चार आठवड्यांत ती भोकातून डोकावतात. ग्लास उलटा करून गोळा अखंड निघाला की १५ सेंटिमीटरची कुंडी. गोळा सुटून पडत असेल तर तो परत ग्लासात ठेवा आणि आठवडाभर थांबा.