नवे आत, जुने बाहेर

इंजेक्टर रेझर म्हणजे डबीतून नवे पाते थेट आत ढकलण्याची सोय असलेला दाढीचा रेझर. त्याचे पाते प्रथमच पाहणाऱ्याला ते अपुरे वाटण्याची शक्यता असते. आपल्या परिचयाच्या दुधारी ब्लेडला मधोमध नक्षीदार फट असते, दोन्ही कडांना धार असते आणि ते दोन बोटांत धरून सहज वाकवता येते. हे पाते मात्र जेमतेम दीड इंच लांबीची एक अरुंद पोलादी पट्टी असते. तिला धार एकाच कडेला असते, मध्ये भोक नसते, आणि वाकवू गेल्यास ती वाकत नाही. दुधारी ब्लेडची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी असते, तर हे पाते पाव मिलिमीटर जाड, म्हणजे सुमारे अडीच पट जाड असते. दाढीच्या बाबतीत हा फरक किरकोळ नाही. पातळ ब्लेडला ताठपणा यावा म्हणून रेझरला ते वरून झाकण आवळून कमानीसारखे वाकवावे लागते. इंजेक्टरच्या पात्याचा ताठपणा मात्र त्याचा स्वतःचाच असतो. त्यामुळे रेझरला फारसे कर्तृत्व गाजवावे लागत नाही. एका स्प्रिंगच्या पट्टीने पाते पुढच्या दोन अडथळ्यांशी दाबून धरले की त्याचे काम संपते आणि पुढची सगळी जबाबदारी पात्यावर येते.

असे असेल तर पात्याची निवड हा मोठा विषय असायला हवा. प्रत्यक्षात निवडायला फारसे काही उरलेले नाही, आणि तरीही हा रेझर वापरणारी माणसे पात्यांवर जितका विचार करतात, तितका दुसरे कोणी करत असेल असे मला वाटत नाही. हा विरोधाभास मला फार मनोरंजक वाटतो, कारण मुळात हे यंत्र निर्माण झाले ते पात्याचा विचार करावाच लागू नये म्हणून.

ज्याच्या डोक्यातून हे यंत्र निघाले तो जेकब शिक अमेरिकी सैन्यातला अधिकारी होता. रायफलीत काडतुसे ओळीने भरलेली असतात, एक सुटले की पुढचे आपोआप जागेवर येते, मग दाढीच्या पात्यांचे असे का होऊ नये, हा त्याचा साधा आणि अस्सल लष्करी प्रश्न होता. 1920च्या दशकाच्या मध्यास त्याने जी कंपनी काढली तिचे नावच ‘मॅगझिन रिपीटिंग रेझर कंपनी’ असे होते. ‘मॅगझिन’ म्हणजे काडतुसांचा साठा आणि ‘रिपीटिंग’ म्हणजे लागोपाठ झाडणारी बंदूक; हे दोन्ही शब्द शस्त्रागारातून थेट न्हाणीघरात आले आणि तिथेच राहिले. आरंभीच्या रेझरमध्ये पात्यांचा साठा मुठीतच ठेवलेला असे. पुढे तो स्वतंत्र डबीत गेला आणि आज आपण ज्याला इंजेक्टर म्हणतो ते रूप आले. गंमत अशी, की स्वतः शिकचा जीव पात्यांत फार काळ रमला नाही. साबण, पाणी आणि पाते या तिन्हींशिवाय दाढी व्हावी या ध्यासापायी त्याने हा व्यवसाय विकला आणि 1931 मध्ये विजेचा रेझर बाजारात आणला. 1937 मध्ये तो वारला. पात्यांची कंपनी 1946 मध्ये एव्हरशार्प या फाउंटनपेन आणि पेन्सिली बनवणाऱ्या कंपनीकडे गेली. ज्याचे नाव या पात्यावर आजही छापलेले असते, तो माणूस पात्याच्या विरोधी पक्षात जाऊन बसला होता, हे पाकीट फोडताना मला हटकून आठवते.

अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला हे रेझर सापडायला फार कष्ट पडत नाहीत. घराबाहेर मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, काचेच्या मीठदाण्या आणि गंजलेल्या पकडींच्या मध्ये, सोनेरी मुलामा पुसट झालेले डोके आणि दुधी-पिवळसर प्लॅस्टिकची मूठ असलेला एखादा रेझर अनेकदा पडलेला असतो. संग्राहक या रेझरना इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. माझा ‘जी’ प्रकारचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकातला. त्यानंतर आलेल्या ‘हायड्रोमॅजिक’ नावाच्या प्रकारात एक छोटी खिटी असते, ती ओढली की स्प्रिंगची पट्टी उचलली जाते आणि पात्याखाली साचलेला साबण पाण्याच्या धारेने निघून जातो. आणखी पुढच्या एका प्रकारात पाते किती पुढे यावे हे फिरवून ठरवण्याची सोय आहे. माझ्या रेझरमध्ये यांपैकी कोणतीच चैन नाही.

आमच्या शेजारी राहणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी तरुणपणी हाच रेझर वापरलेला होता. कोणते पाते चांगले, असे मी त्यांना विचारले तेव्हा त्यांना प्रश्नाचा रोखच कळेना. त्यांच्या आठवणीप्रमाणे औषधांच्या दुकानात पात्यांच्या डबीबरोबर रेझर जवळजवळ फुकटच मिळे. डबी संपली की दुसरी आणायची, आणि पाते ओढू लागले की डबी लावून ढकलायचे. त्यात निवड कसली, हा त्यांचा भाव होता. त्यांच्या जुन्या घराच्या न्हाणीघरात आरशामागच्या कपाटाला पाठीमागे एक फट होती. वापरलेले पाते त्या फटीतून भिंतीच्या पोकळीत टाकून द्यायचे. विसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेल्या असंख्य अमेरिकी घरांत अशी फट असे, आणि नूतनीकरणासाठी भिंत फोडली की आजही गंजलेल्या पात्यांचा ढिगारा खाली येतो. पात्याची किंमत त्या पिढीच्या लेखी किती होती, हे त्यावरून कळते.

पाते बदलण्याची क्रिया खरोखरच देखणी आहे. डबीच्या तोंडाशी एक चपटी धातूची जीभ पुढे आलेली असते. ती रेझरच्या डोक्याच्या एका बाजूला असलेल्या खाचेत घातली की स्प्रिंगची पट्टी किंचित उचलली जाते. मग डबीवरची सरकपट्टी अंगठ्याने पुढे ढकलायची. नवे पाते आत शिरते, जुने पाते त्याच्या रेट्याने दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, आणि आपले बोट कोणत्याही धारेला लागत नाही. काही डब्यांना मागे जुन्या पात्यांसाठी वेगळा कप्पाही असतो. एवढेच सांभाळायचे, की ढकलणे अर्धवट सोडायचे नाही. पाते पूर्ण न सरकता एका बाजूला किंचित बाहेर राहिले, तर त्याचा कोपरा कानाच्या पाळीखालच्या मऊ जागी आपली हजेरी लावतो. म्हणून साबण लावण्यापूर्वी रेझरचे डोके उजेडाकडे धरून दोन्ही टोके पाहून घेणे इष्ट. जुन्या रेझरची स्प्रिंग सैल झालेली असेल, तर पाते खुंटांवरून जाताना थरथरते, आणि मग दोष पात्याला लागतो. पात्यांची तुलना करू पाहणाऱ्याने आधी स्प्रिंगची चौकशी करावी.

तुलना करायची तरी कशाची? भारतात दुधारी ब्लेडची रेलचेल आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातही चार-पाच नावे सहज मिळतात, आणि आमचे सलूनवाले तर तेच ब्लेड मधून मोडून त्याचे अर्धुक वस्तऱ्यात बसवतात. एकेरी धारेशी आपली ओळख आहे ती एवढीच. इंजेक्टरचे पाते आपल्याकडच्या दुकानांत सहसा दिसत नाही. अमेरिकेतही सध्याची नावे एका हाताच्या बोटांवर संपतात. शिकच्या नावाची सात पात्यांची डबी आहे, पर्सोना या दुसऱ्या नावाची वीस पात्यांची आहे, आणि चीनमध्ये तयार झालेली, स्वस्त, वीस पात्यांची पाकिटे आहेत. शिवाय विक्रीत कधीमधी न उघडलेल्या जुन्या डब्या हाती लागतात, आणि खरा मोह तिथे असतो.

या जुन्या डब्यांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. 1960च्या दशकाच्या आरंभी दाढीच्या ब्लेडमध्ये स्टेनलेस पोलाद आले आणि धारेवर टेफ्लॉनसारख्या द्रव्याचा सूक्ष्म लेप देण्याची पद्धत रुळली. त्याआधीची पाती कार्बन पोलादाची. ती अतिशय धारदार करता येतात, पण पाणी लागले की त्यांची धार गंजाने लवकर खाल्ली जाते. न उघडलेल्या डबीतही एवढ्या वर्षांत आतले तेल वाळून चिकट होते, पाती एकमेकांना धरून बसतात, आणि सरकपट्टी ढकलली तर एकाऐवजी दोन पुढे येऊ पाहतात. अशी डबी फडताळात ठेवावी, पाहुण्यांना दाखवावी आणि दाढी स्टेनलेसच्या पात्याने करावी. जुन्या रेझरला जुनेच पाते शोभते हा विचार भावनिक आहे, आणि भावना गालावर ओढण्याची वस्तू नव्हे.

उरलेल्या दोन-तीन प्रकारांतला भेद एका दाढीत कळत नाही. लेप दिलेले पाते पहिल्या दिवशी सुळकन जाते, पण त्या घसरण्यात धारेचा वाटा किती आणि लेपाचा किती हे सांगता येत नाही. धारेच्या टोकावरचा लेप पहिल्या वापरात बराचसा मागे सरतो आणि पात्याचा खरा स्वभाव दुसऱ्या दिवशी दिसतो. माझ्या अनुभवाला आलेले एक स्वस्त पाते पहिल्या दिवशी हनुवटीखाली चांगलेच बोचरे होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अगदी सुस्वभावी झाले. उलट दुसऱ्या एका नामांकित पात्याची पहिली दाढी सर्वांत सुखद होती आणि त्यानंतर ते रोज थोडे थोडे उतरत गेले. यांतले चांगले कोणते, हे ठरवायचे तर आधी ‘चांगले’ कोणत्या दिवशीचे धरायचे ते ठरवावे लागते. मी तिसऱ्या दिवशीचे धरतो. त्यामागे शास्त्र नाही. रोज दाढी करणाऱ्याचे आयुष्य बहुतांशी मधल्या दिवसांचेच असते, एवढाच हिशेब आहे.

हाताची सवय हाही निवडीचाच भाग आहे. दुधारी रेझर दाबून चालवणाऱ्याने इंजेक्टर तसाच चालवला तर जाड पाते त्वचेला माफ करत नाही. डोक्याचा सपाट भाग आधी गालाला टेकवायचा, मग धार खुंटांना लागेपर्यंतच मूठ किंचित खाली आणायची आणि रेझरला स्वतःच्या वजनाने जाऊ द्यायचे. डोके लहान असल्याने नाकाखालची अवघड जागा सोपी होते, हा मोठा लाभ. धार एकच असल्याने रेझर उलटून दुसरी बाजू वापरण्याची सोय नाही, त्यामुळे तो अधिक वेळा धुवावा लागतो. हे मी उणे मानत नाही, कारण धुण्यासाठी थांबलेला हात घाई करत नाही. जाड पात्याचा आवाजही मोठा असतो. खुंट कापले जात असताना स्पष्ट खरखर ऐकू येते, आणि पाते उतरू लागले की त्या आवाजात फरक पडतो. न्हाणीघरात रेडिओ लावण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी दाढीपुरता तो बंद ठेवावा असे मी सुचवीन.

आवाजाकडे एवढे लक्ष द्यायचे कारण असे, की या रेझरमध्ये पाते काढून पाहता येत नाही. दुधारी ब्लेड झाकण उघडून उजेडात धरता येते, धुऊन परत लावता येते, चार दिवस विश्रांती देऊन पुन्हा कामावर बोलावता येते. इंजेक्टरचे पाते एकदा बाहेर पडले की ते परत बसवणे म्हणजे स्प्रिंग उचलून धरणे, चिमटा वापरणे आणि ज्या धारेपासून बोटे वाचवण्यासाठी हे सारे यंत्र रचले तिच्याशीच झोंबणे होय. म्हणून सरकपट्टीवर अंगठा ठेवण्याआधी निर्णय झालेला असावा लागतो, आणि तो केवळ गालाच्या आणि कानाच्या साक्षीवर करावा लागतो. कोणते पाते घ्यावे यापेक्षा, आहे ते केव्हा काढावे, हीच इथली खरी निवड आहे. शेजारच्या गृहस्थांना ती कधी जाणवली नाही, कारण नवी डबी दुकानात आणि जुने पाते भिंतीत, असा त्यांचा प्रवाह अखंड वाहत होता. आता डबी टपालाने मागवावी लागते, ती पुढच्या वर्षी मिळेल की नाही याची खात्री नसते, आणि बदल सुलभ व्हावा म्हणून रचलेल्या यंत्रात आम्ही बदल लांबवत बसतो.

मी स्वतः हनुवटीची साक्ष अखेरची मानतो. तिथले खुंट सर्वांत राठ; तिथे एकाच जागेवरून रेझर तिसऱ्यांदा फिरवावासा वाटला, की दुसऱ्या दिवशी सकाळी पाते बदलायचे. साधारणपणे ही वेळ पाच-सहा दाढ्यांनंतर येते, हिवाळ्यात थोडी आधी, आणि सुट्टीत दाढी वाढू दिली असेल तर एकदम पहिल्याच दिवशी. या शेवटच्या प्रसंगी नव्या पात्याचा बळी देऊ नये. आधी कात्रीने किंवा मशीनने वाढ छाटावी. पत्नीचे म्हणणे असे, की एवढ्या विचारात सगळ्या घराची दाढी झाली असती. तिचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त पुढच्या खेपेला वीसची डबी मागवायची की सातची, हे अजून ठरत नाही.